पुलावरून गरवायला रॉड-रीळ घेताय? आधी पूल मोजा

माझा पहिला रॉड मी फोटो बघून ऑनलाइन मागवला होता. १० फुटी टेलिस्कोपिक, मिटवला की दप्तरात मावणारा, सोबत रीळ, तंगूस (नायलॉनचा दोरा), चार प्लास्टिकचे मासे आणि एक पिशवी, सगळं मिळून दीड हजार. रत्नागिरीला भाट्याच्या पुलावर पहिल्याच रात्री काहीतरी लागलं, रॉड वाकला, मी खुश, आणि तिसऱ्या जोडावर कट्टकन आवाज. वरचे चार तुकडे तंगुसावरून घसरत खाली खाडीत गेले, मासा खांबाला वळसा घालून मोकळा. शेजारी एक काका पाण्याच्या रिकाम्या बाटलीवर गुंडाळलेलं जाड तंगूस घेऊन बसलेले, रॉड नाही, रीळ नाही, पिशवीत दोन तांबोशा. ते म्हणाले, "काठी बरी हाय रे तुझी, पण ती तळ्यावरची."

त्यानंतर तीन वर्षांत चार रॉड झाले आणि त्यातले दोन निव्वळ चुकीचे. तुमचे तेवढे पैसे वाचावेत म्हणून हे लिहितोय. हे सगळं कोकणातल्या खाडीपुलांसाठी आहे, म्हणजे रेवदंडा-साळाव, भाट्ये, मालवणजवळचं कोळंब असले पूल, जिथे भरती-सुकतीचं पाणी खांबांमधून धावतं. धरण, तलाव, किनाऱ्यावरून लांब फेकणं हे वेगळे खेळ आहेत, त्याचा रॉड इथे आणू नका आणि इथला तिकडे नेऊ नका.

१. दुकानात जायच्या आधी पूल मोजा

ही पायरी कोणीच करत नाही आणि सगळ्या चुका इथेच होतात. एक सुतळी घ्या, टोकाला शिसं किंवा मोठा नट बांधा, आणि दर वावेला एक गाठ मारा (दोन्ही हात पसरले की एक वाव, साधारण ६ फूट). तुमच्या नेहमीच्या जागेवरून ती खाली सोडा. कठड्यापासून पाण्यापर्यंत किती वाव, पाण्यापासून तळापर्यंत किती, हे एकदा भरतीला आणि एकदा सुकतीला बघून मोबाईलमध्ये लिहून ठेवा. मुंबईकडे उधाणाला भरती-सुकतीत चार-साडेचार मीटरचा फरक पडतो, रत्नागिरीपासून खाली मालवण-गोव्याकडे तो जवळपास निम्म्यावर येतो, म्हणजे एकच पूल सकाळी बुटका आणि दुपारी उंच असतो.

अजून दोन गोष्टी बघा. कठडा कमरेला लागतो का छातीला, आणि तुमच्या पायाखालच्या स्लॅबची कड कठड्याच्या बाहेर किती आलीय. ही कड बाहेर आलेली असेल तर आखूड रॉडचं टोक तिच्या पलीकडे पोचतच नाही आणि लाईन सिमेंटवर घासत बसते. माझा दुसरा रॉड असाच ६ फुटी होता. रॉड मस्त, पण त्या पुलावर निरुपयोगी.

भरतीची वेळ काढायला ॲप आहेतच, पण आपल्याकडचा जुना हिशेब पण तोंडपाठ असू द्या. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीनच्या आसपास, अष्टमीला सहाच्या आसपास, पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा-बारा, आणि दिवसात दोनदा. अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो, पण बायकोला "किती वाजता येशील" याचं उत्तर द्यायला पुरतो. नवीन माणसाने सुरुवात भांगाच्या दिवसांत करावी, अष्टमीच्या आगेमागे, तेव्हा पाण्याला ओढ कमी असते. उधाणाला १०० ग्रॅमचं शिसंसुद्धा वाहत जाऊन शेजारच्याच्या दोरीत गुंततं आणि मग शिव्या ऐकायच्या.

२. काय लागणार ते माहीत असू द्या

पुलाखाली मासा उगाच नसतो. खांबांना कालवं चिकटलेली असतात, त्याच्या आडोशाला बारीक मासळी आणि कोळंबी, आणि तिच्यामागे तांबोशी, गोबरा, जिताडा (दक्षिणेला चोणक म्हणतात तोच). हे तिघंही गरी लागली की एकच काम करतात, खांबाकडे पळतात. पहिल्या तीनचार सेकंदांत थांबवलात तर तुमचा, नाहीतर कालवांवर लाईन घासून गेला. पुढची सगळी खरेदी या तीनचार सेकंदांसाठी आहे असं समजा. बाकी शिंगाळा, पालू, काळुंद्र लागतच असतात, त्यासाठी वेगळं काही घ्यावं लागत नाही. आणि केंड लागला तर तंगूस कातरून जातो, चुकून वर आला तर सोडून द्या, विषारी असतो, खायच्या भानगडीत पडू नका.

३. रॉड

लांबी: पाणी दोनतीन वावांवर असेल आणि स्लॅबची कड बाहेर नसेल तर ७ फूट चालतो. बाकी बहुतेक पुलांना साडेसात ते ८. लोक म्हणतात उंच पुलाला लांब रॉड, पण लांबी वाढली की मासा उचलताना सगळा भार तुमच्या मनगटावर येतो, मासा तिकडे आणि तुम्ही इकडे अशी तराजूची दांडी होते. १० फुटी रॉड हा समुद्रकिनाऱ्यावरून लाटांपलीकडे फेकण्यासाठी. पुलावर मासा तुमच्या पायाखाली असताना लांब फेकून काय करणार?

ताकद: रॉडवर बारीक अक्षरात छापलेलं असतं, लाईन किती पाउंड (म्हणजे किती ओढीला तुटणारी) आणि ल्यूर (खोटा मासा) किती ग्रॅम. ते वाचा. खाडीच्या ओढीत ६० ते १२० ग्रॅम शिसं लागतं, आणि १०-४० ग्रॅम छापलेल्या रॉडला तुम्ही १०० ग्रॅम लावून झटका दिलात तर तो मोडला की कंपनीला दोष देता येणार नाही. मला आवडतो तो मीडियम हेवी, लाईन २०-४० पाउंडच्या आसपास, वजन ४०-१२० ग्रॅमच्या आसपास. औंसात लिहिलं असेल तर एक औंस म्हणजे २८ ग्रॅम.

टोक मऊ आणि खालचा अर्धा भाग कडक असा रॉड बघा. टोक मऊ असलं की कोळंबीला कोणी नुसतं तोंड लावलं तरी कळतं. आणि कडक भाग खांबापासून मासा ओढायला.

आता माझा हट्टाचा मुद्दा, कार्बन का ग्लास. दुकानदार तुम्हाला कार्बनच देणार कारण तो हलका आणि महाग. हातात घेतला की प्रेमात पडाल. पण पुलावर रॉड दिवसातून वीस वेळा सिमेंटच्या कठड्यावर आपटतो, वाऱ्याने पडतो, कोणीतरी बाईकवाला पायाने ढकलतो. कार्बनला असा एक टवका गेला की तेव्हा काही दिसत नाही आणि पुढच्या महिन्यात मोठा मासा असतानाच नेमका तिथून मोडतो. ग्लास फायबर किंवा ग्लास-कार्बन मिश्र रॉड जड असतो, जरा ढिला वाटतो, पण मार खातो. पहिला रॉड मिश्रच घ्या. कार्बनची हौस नंतर.

टेलिस्कोपिक घेऊ नका. जेवढे जोड तेवढ्या मोडायच्या जागा, वर खारं पाणी आणि रेती आत जाऊन जोड असे जाम होतात की दोघांनी दोन बाजूंनी ओढावं लागतं. दोन तुकड्यांचा ८ फुटी रॉड ४ फुटांचा होतो, एसटीत सीटखाली नाही तर दोन पायांमध्ये उभा राहतो. मी तसाच नेतो, कंडक्टरने आजवर एकदाच विचारलंय की हे काय आहे, आणि मग स्टॉप येईपर्यंत त्याच्या गावच्या खाडीच्या गप्पा.

मूठ: रीळ बसतं तिथून मागची मूठ तुमच्या कोपरापर्यंत आली पाहिजे. आखूड मूठ काखेत धरता येत नाही आणि पुलावर तासभर काखेत न धरता रॉड सांभाळून बघा, कळेल.

४. रीळ (इन्स्टाचं नाही)

साइज ४००० किंवा ५००० चं स्पिनिंग रीळ. हे आकडे म्हणजे काही मीटर-लिटर नाहीत, एका कंपनीचं ४००० दुसऱ्या कंपनीच्या ५००० एवढं असू शकतं, म्हणून आकड्यापेक्षा डबीवर लाईन किती मावते ते बघा. ३० पाउंडाची ब्रेड (बारीक पदर विणून केलेली लाईन) २०० मीटर मावली की झालं. पुलावर लाईन जास्त लागतच नाही, २०० मीटर पळू दिलात तर मासा कधीच दुसऱ्या खांबामागे गेलेला असतो.

गिअर रेशो (हँडलच्या एका फेऱ्यात लाईन गुंडाळणारा भाग किती वेळा फिरतो) ५ च्या आसपास किंवा कमी. ६ च्या वरची रिळं भराभर गुंडाळतात पण जड मासा सरळ वर उचलायचा असतो तेव्हा हँडल फिरत नाही, सायकल टॉप गिअरवर ठेवून घाट चढल्यासारखं.

फसवणुकीचे दोन आकडे सांगतो. एक, बेअरिंग. "१३+१ बॉल बेअरिंग" असं ठळक छापलेलं हजार रुपयांचं रीळ खाऱ्या पाण्यात दोन महिन्यांत कुरकुरायला लागतं, आणि चांगल्या कंपनीचं ४-५ बेअरिंगवालं वर्षानुवर्षं चालतं. दोन, मॅक्स ड्रॅग (ड्रॅग म्हणजे मासा किती जोरात ओढला की रीळ लाईन सोडतं ते). १५ किलो ड्रॅग लिहिलेलं असतं पण एवढं तुम्ही कधी लावणारच नाही, लावलंत तर रॉड तरी मोडेल नाहीतर तुम्ही तरी कठड्यावर आपटाल. ड्रॅग किती यापेक्षा सुटतो कसा ते महत्त्वाचं, झटके न देता सलग सुटला पाहिजे.

शक्य असेल तर हँडल स्क्रूने थेट आत बसणारं घ्या. बटण दाबून दुमडणारं हँडल थोड्या दिवसांत खडखडतं.

ज्यांना रॉड कठड्याला टेकवून चहा प्यायचा असतो (म्हणजे आपण सगळेच) त्यांनी बेटरनर प्रकारचं रीळ बघावं, त्याला मागे एक खटका असतो, तो टाकला की मासा लाईन आरामात ओढतो, हँडल फिरवलं की नेहमीचा ड्रॅग लागतो. साधं रीळ असेल तर टेकवताना ड्रॅग ढिला करा आणि रॉडला दोरीने कठड्याला बांधा. माझा तिसरा रॉड याच कारणाने खाडीच्या तळाशी आहे. वडापाव घ्यायला दहा पावलं गेलो होतो.

ओव्हरहेड रीळ, म्हणजे रॉडच्या वर बसणारं ड्रमसारखं, ते सरळ खाली सोडून वर खेचायला खरं तर जास्त ताकदवान. पण फेकायला गेलात की ड्रम तुमच्या हातापेक्षा जोरात फिरतो आणि दोऱ्याचं घरटं होतं, अंधारात ते सोडवण्यात अख्खी भरती जाते. पहिलं रीळ म्हणून नको.

डायवा, शिमानो, पेन, ओकुमा यांची सुरुवातीची मॉडेल्स पाहा, दुकानात सहज मिळतात. बजेट कमी असेल तर पैसे रिळात घाला आणि रॉड साधा घ्या. माझ्या आत्ताच्या सेटमध्ये रॉड सव्वादोन हजारांचा आणि रीळ साडेचारचं आहे, आणि मी समाधानी आहे.

५. ब्रेड का तंगूस

यावर भांडणं होतात. ब्रेड बारीक असते, पाणी तिला कमी ओढतं, त्यामुळे कमी शिशात तळाला पोचता, आणि ती ताणत नाही म्हणून मासा शिवला तरी बोटाला कळतं. पण कालवाच्या धारेवर ती लोण्यासारखी कापली जाते. तंगूस घासपूस जास्त सोसतं पण जाड असतं, ताणतं, आणि उधाणाला धनुष्यासारखं वाकतं. मी रिळावर ३० पाउंडाची ब्रेड, चार पदरी (आठ पदरी गुळगुळीत असते, फेकायला छान, पण चार पदरी घासायला बरी), आणि पुढे दोन मीटर ५० पाउंडाचं जाड तंगूस लीडर म्हणून. दोन्हीला जोडायला डबल युनि गाठ. एफजी गाठ त्याहून चांगली, बारीक बसते, पण घरी दिव्याखाली पन्नास वेळा मारून बघितल्याशिवाय पुलावर जमत नाही.

ब्रेड रिळावर भरताना खाली आधी थोडं तंगूस गुंडाळा, नाहीतर ब्रेड अख्खी ड्रमवर घसरत फिरते आणि तुम्हाला वाटतं ड्रॅग बिघडला. दुकानात परत करायला जाल आणि दुकानदार हसेल. अनुभव.

६. हातात घेऊन काय तपासायचं

रॉड जोडा आणि बंदुकीसारखा डोळ्यासमोर धरा, सगळे गाइड (लाईन ओवायची कडी) एका रेषेत दिसले पाहिजेत. प्रत्येक गाइडच्या कड्यातून थोडा कापूस फिरवा, तंतू अडकला तर आत चीर आहे, ती ब्रेड खाणार. स्वस्त रॉडच्या उघड्या स्टीलच्या कड्यांवर ब्रेड खाचा पाडते, म्हणून आत सिरॅमिकचं कडं हवं. रीळ बसवून हलवून बघा, जरा पण डुगडुगलं तर नको. रिळाचं हँडल पुढे फिरवा आणि थांबून मागे ढकला, ते तिथल्या तिथे अडलं पाहिजे, पाव फेरा मागे जात असेल तर ठेवून द्या.

ऑनलाइनच घेणार असाल तर आधी विक्रेत्याला विचारा की रॉड पीव्हीसी पाइपात पाठवणार का नुसत्या खोक्यात. खोक्यातला रॉड टोक मोडून येण्याचा चान्स चांगलाच असतो. खोकं उघडताना व्हिडिओ काढा, कुठेही न थांबता, पत्त्याच्या लेबलपासून सुरू करून. मी एकदा काढला नव्हता, टोक मोडलेलं होतं, आणि दोन आठवडे कस्टमर केअरशी बोलून शेवटी मिळालं काय तर "तुमच्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत". बिल आणि रिळाचं वॉरंटी कार्ड जपून ठेवा.

७. ड्रॅग घरीच लावून जा

लाईनच्या ताकदीच्या पाव ते एकतृतीयांश. ३० पाउंड म्हणजे साडेतेरा किलो, म्हणजे साडेतीन ते साडेचार किलोवर ड्रॅग सुटायला हवा. मोजायचं कसं, तर पिशवीत एक लिटरच्या पाण्याच्या चार भरलेल्या बाटल्या घाला, झाले चार किलो. लाईन गाइडमधून न ओवता थेट रिळावरून पिशवीला बांधा आणि उचला. पिशवी हळूहळू खाली सरकत असेल तर बरोबर. दगडासारखी लटकून राहिली तर ढिला करा. गाइडमधून ओवून रॉडने पिशवी उचलायचा प्रयोग करू नका, नवाकोरा रॉड हॉलमध्ये मोडलेला माणूस मी पाहिलाय.

८. मासा वर कसा आणायचा

हे खरेदीच्या यादीत नसतं आणि मग मासा पाण्यावर आल्यावर आठवतं. दोन किलोचा मासा पाण्यात असताना रॉडला जड नसतो, पाण्याबाहेर चार वाव लटकला की मुंडी झटकतो आणि गरी सुटते किंवा टोक मोडतं. रॉड कधीही उभा, आकाशाकडे करून उचलू नका, सगळा भार टोकाच्या बारीक हातभरावर येतो. अर्ध्या किलोपर्यंतचा मासा रॉड आडवा धरून रिळाने गुंडाळा. त्याच्या वरच्याला जाळी सोडा, गोल कड्याची, तीनचार दोऱ्यांनी एका लांब दोराला बांधलेली. विकत मिळते, पण पुलावरचे लोक जुन्या सायकलच्या रिमला जाळं शिवून बनवतात आणि ती जास्त टिकते. जाळी प्रवाहाच्या खालच्या बाजूला बुडवून ठेवायची, मासा दमला की त्याच्यावर आणायचा आणि दोर ओढायचा. एकट्याला जमत नाही. शेजाऱ्याशी आधीच दोन शब्द बोलून ठेवा, काका असतील तर तंबाखू विचारा.

शिंगाळा वर आला तर हाताने धरू नका, पाठीवरचा आणि बाजूचे दोन काटे विषारी असतात. लागलाच तर सोसेल एवढ्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा आणि दवाखाना गाठायचा.

९. पुलावर उभं राहताना

डोक्यावरून फेकू नका. मागून स्कूटरवर कुटुंब जात असतं. खालून, हाताने झोका देऊन सोडा, नाहीतरी मासा खांबाशीच आहे. वर वीजेच्या तारा आहेत का बघा, कार्बन रॉडमधून करंट जातो आणि ओल्या ग्लासचाही भरवसा नाही. पाटी लावून मनाई असेल तिथे बसू नका, आणि शेजारी जुना, गाड्यांना बंद केलेला पूल दिसला तरी तो बंद का केलाय ते गावात विचारल्याशिवाय वर जाऊ नका.

सोबत: डोक्याला लावायची बॅटरी, पक्कड, सुरी, जुना टॉवेल, १/० ते ४/० गऱ्या, ४० पासून १२० ग्रॅमपर्यंतची शिसं थोडी जास्तच (अर्धी खांबांना देणारच आहात), ताजी कोळंबी, रॉड बांधायची दोरी, पाणी, आणि एखादं ओळखपत्र, कारण रात्री गस्तीवाले थांबून विचारतात. तुटलेलं तंगूस खाडीत टाकू नका, खिशात घाला, बगळे आणि घारी अडकतात त्यात.

१०. घरी आल्यावर

झोपायच्या आधी धुवायचं, सकाळी नाही. रिळाचा ड्रॅग पूर्ण आवळा म्हणजे पाणी आत जात नाही, मग नळाखाली हलक्या धारेने धुवा, जोरात पाइप मारू नका, त्याने मीठ आणखी आत ढकललं जातं. रॉडचे गाइड ओल्या फडक्याने पुसा, दोन्ही तुकडे वेगळे करून उभे ठेवा. रीळ झटकून सावलीत वाळवा आणि वाळल्यावर ड्रॅग पूर्ण ढिला करून ठेवा, आवळलेला राहिला तर आतले वॉशर दबून चिकटतात आणि पुढच्या वेळी झटके देत सुटतो. बाथरूममध्ये धुणार असाल तर कोळंबीचा वास जायला बादलीभर पाणी नंतर वेगळं मारा. आमच्याकडे त्यावरून माझं रीळ सध्या गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीमागे राहतं.